शेरा

प्लँटवरची जुनी लॉगबुकं भंगारात निघाली,
त्यातली चार मी घरी आणली.
तारीख, वेळ, दाब, तापमान,
आणि शेवटी एक रुंद रकाना : शेरा.
गुदैबियातल्या माझ्या खोलीत, त्या रकान्यात,
मी मोठमोठ्या गवयांना गुण देत असे.

दर गुरुवारी रात्री आम्ही तिघं.
नेवगी सिव्हिलचा; गळ्यात सूर नाही, पण कानात तराजू.
हमीद पारकर दाभोळचा, खालच्या कोल्ड स्टोअरवाला.
रागाचं नाव कधी विचारायचा नाही,
करक चहा आणायचा आणि शेवटी एवढंच :
‘आज बाई रागावल्यात.’
किंवा, ‘हा माणूस जेवून गायलाय.’
बहुतेक वेळा त्याचं बरोबर असे.

एसी बंद करायचा, हा नियम.
नाहीतर त्याचा खर्ज तंबोऱ्याशी भांडतो.
ऑगस्टात, काचा बाहेरून घामाघूम असताना,
विलंबित तीनताल जो सोसेल
त्यालाच मत मांडायचा हक्क.

शेवंताबाई मणेरकरांचे आमच्याकडे दोन बिहागडे.
एक स्टुडिओतला : बावीस मिनिटं, तबला डावीकडे,
कोमल निषाद नुकत्या धुतलेल्या चमच्यासारखा.
शेरा : निर्दोष. सात गुण.
दुसरा सांगलीत कुणाच्या तरी माडीवरचा,
कॉपीची कॉपी, टेप पाव सुराने चढी,
म्हणजे बाई दहा वर्षांनी तरुण.
कुणी खोकतं. कुणी पानाचा डबा मिटतं.
आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला
तान वरून उतरते, मुखडा ओठांवर येतो,
नि कॅसेटची बाजू संपते.
खट्.
दुसऱ्या बाजूला अंतरा सुरू झालेला.

त्या हरवलेल्या समेवर आम्ही अकरा वर्षं बोललो.
नेवगी टेबलावर मात्रा वाजवून दाखवायचा :
‘अश्शी आली असणार, धा-च्या कपाळावर.’
मी तर लिहूनच ठेवलं होतं :
वाफ सोडल्यावर सुई शून्यावर यावी तशी सम.
नऊ गुण.
न ऐकलेल्या जागेला.

मार्चमध्ये धुळीचं वादळ आलं, दाराखालून पिवळं पीठ,
त्या दिवशी नेवगीच्या भाच्याने पाठवली
पूर्ण बैठक. सलग. स्वच्छ केलेली.
खरखर काढली होती, तिच्याबरोबर जवारीही;
तंबोरा जुन्या ट्यूबलाइटसारखा गुणगुणत होता.
खोकला गेला. पानाचा डबा गेला.
माडीला भिंतीच उरल्या नाहीत.
शेरा : साफसफाई. दोन गुण.

पंचेचाळीस. आम्ही पुढे सरकून बसलो.
तान उतरली, मुखडा निघाला,
आणि बाई चुकल्या.
अर्धी मात्रा.
सम त्यांना न घेताच पुढे गेली,
आणि त्या हसल्या.
मोठ्याने नाही. अंधाऱ्या जिन्यात
नसलेल्या पायरीवर पाय टाकावा
आणि आपलं आपल्यालाच हसू यावं, तसं.
तबलजीही हसला असावा; पुढची थाप सैल पडली.
मग सरळ अंतरा.

नेवगीची बोटं टेबलावर तशीच उचललेली.
हमीद म्हणाला, ‘परत लाव.’
अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदा काही परत लावायला सांगितलं.
सहा वेळा ऐकलं.
त्या सफाईवाल्या पोराने हे कसं सोडलं कोण जाणे,
त्याला बहुतेक तेही गाणंच वाटलं.

पहाटे शिफ्टला निघण्याआधी वही उघडली.
चुकलेलं रीडिंग खोडायचं नसतं आमच्यात;
एकच आडवी रेघ, बाजूला सही.
मी रेघ मारली नाही.
नऊ गुणांच्या खाली लिहिलं :
हसू, साधारण दोन सेकंद.
गुणांची जागा मोकळी राहिली.

खाली हमीदने शटर अर्धं उचललं होतं.
खुबूसच्या पिशव्या मांडता मांडता
तो ते हसू हसून बघत होता.
जमत नव्हतं.